पन्नास पौंडाचं कंपाउंड आत्ता घेऊ नका, दादा

प्रश्न : ताई, मी उद्यमनगरात जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप चालवतो. वय ४२. पोरपणी तालमीत होतो, त्यातनंच उजव्या खांद्याला जुना मार आहे, थंडीत दुखतो. २०२३ साली आपल्या साताऱ्याच्या आदितीनं आणि नागपूरच्या ओजसनं तिरंदाजीत जगज्जेतेपद मारलं, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. स्पर्धा वगैरे काही नाही, संध्याकाळी तासभर स्वतःसाठी काहीतरी पाहिजे. मित्र म्हणतो, ‘तू पैलवान गडी, सरळ ५० पौंडाचं कंपाउंड, ते चाकांचं धनुष्य, मागव. रिकर्व्ह, ते टोकं वळलेलं बिनचाकांचं, पोरासोरांचं.’ कागलकडं आमचं रान आहे, तिथं उसाच्या कडेला सराव केला तर चालेल काय? वर्कशॉपात व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन आहे, धनुष्य स्वतःच बनवलं तर? बारा वर्षांची मुलगी आहे, तीपण मागं लागलीय. काय करू सांगा.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, नमस्कार.

पैसे अजून खिशातच राहू द्यात. धनुष्य विकत घेणं हे या छंदातलं शेवटचं काम आहे, आणि बहुतेक लोक तेच पहिल्यांदा करतात. मग ते धनुष्य माळ्यावर जातं, नाहीतर खांदा डॉक्टरांकडे.

तुमच्या मित्राचं म्हणणं कुठून आलं ते मला कळतं. आपल्या गावात माणूस ताकदीवर मोजायची सवय आहे. तालीम, खासबाग, जोर-बैठका यांत वाढलेल्या गड्याला वीस पौंडाचं धनुष्य हातात दिलं की त्याला ते खेळणं वाटतं. पण याच जिल्ह्यानं दुसरी एक परंपराही घडवली आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य. या तिघांचा खेळ निश्चल राहण्याचा आहे. तिरंदाजी त्याच घरातली. फरक एवढाच की इथं निश्चल उभं राहायचं ते अंगावर वजन ओढून धरलेलं असताना.

हे वजन नेमकं काय असतं ते सांगते, कारण तुमचा सगळा निर्णय त्यावर ठरणार आहे. धनुष्याचं पाउंडेज म्हणजे प्रत्यंचा ठरावीक लांबीपर्यंत ओढल्यावर बोटांवर येणारा भार. रिकर्व्हच्या पात्यांवर, म्हणजे लिंब्सवर, जो आकडा छापलेला असतो तो २८ इंच ओढीला धरलेला असतो. तुमची ओढ इंचभर जास्त असेल तर साधारण दोन पौंड वाढतात, कमी असेल तर तेवढेच घटतात. २४ पौंड म्हणजे जेमतेम ११ किलो. ऐकायला काहीच नाही. पण एका संध्याकाळी शंभर बाण मारले तर ओढलेलं एकूण वजन २४०० पौंडांवर जातं, म्हणजे टनाच्याही वर. आणि ते पाठीच्या अशा स्नायूंनी ओढायचं असतं ज्यांना कुस्तीनं, व्यायामशाळेनं किंवा लेथनं कधी एकट्यानं काम दिलेलं नसतं.

पैलवान माणूस पहिल्यांदा धनुष्य ओढतो तेव्हा काय होतं हे मी पुष्कळदा पाहिलंय. तो दंडानं ओढतो. धनुष्याचा हात मुठीत आवळतो, डावा खांदा कानाला जाऊन भिडतो, मान मागे जाते, आणि वजन पेलायला तो धनुष्य आधी आभाळाकडे उचलून मग खाली आणत ओढतो. हा शेवटचा प्रकार धोक्याचा आहे, कारण त्या क्षणी प्रत्यंचा निसटली तर बाण टार्गेटच्या, मागच्या आडोशाच्याही वरून निघून जातो. आवळलेल्या मुठीमुळे कोपर आत वळतं आणि सुटलेली प्रत्यंचा हाताच्या आतल्या बाजूला फटकन बसते. काळानिळा पट्टा आठवडाभर दिसतो. पुढच्या बाणाला हात आपोआप बिचकतो आणि ती बिचकण्याची सवय काढायला महिने जातात. हलक्या धनुष्यावर यातलं काहीही करायची गरज पडत नाही. म्हणून सुरुवात १८ ते २२ पौंडांवर करायची. तुमच्या खांद्याचा विचार करता मी १८ सांगेन.

त्याआधी खांदा एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ‘तिरंदाजी करायची आहे’ असं मोघम सांगू नका. हात खांद्याच्या उंचीवर आडवा धरून, कोपर मागे नेत, दिवसाला साठ-सत्तर वेळा दहा किलो ओढायचं आहे, असं करून दाखवा. त्यांनी नको म्हटलं तर डाव्या हातानं ओढायचा पर्याय आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. किंबहुना कोणत्या हातानं ओढायचं हे हातापेक्षा डोळ्यावर जास्त अवलंबून असतं. दोन्ही पंजे पुढे धरून बोटांच्या मधे एक छोटी फट करा, त्यातून दोन्ही डोळ्यांनी दूरचा एखादा बल्ब बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला बल्ब फटीतच दिसत राहतो तो तुमचा मुख्य डोळा. तो डावा निघाला तर डाव्या हातानं ओढणं तुम्हाला दोन्ही अर्थांनी सोयीचं पडेल.

वयाची काळजी सोडा. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये लिडा हॉवेल या बाईंनी तिरंदाजीत सुवर्ण जिंकलं तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या.

आता रिकर्व्ह की कंपाउंड. तुम्ही यंत्रावरचे माणूस आहात, त्यामुळे तुम्हाला हे चटकन समजेल. रिकर्व्हमध्ये लपवाछपवी नसते. जितकं ओढाल तितका भार वाढतो, आणि पूर्ण ओढीला, म्हणजे नेमकी निशाणी साधायच्या वेळी, तो सगळ्यात जास्त असतो. कंपाउंडच्या दोन्ही टोकांना कॅम, म्हणजे चाकं असतात, मध्यबिंदू सोडून बसवलेले. सुरुवातीला केबल आणि प्रत्यंचा अशा त्रिज्येवर चालतात की भार झपाट्यानं शिखरावर जातो, आणि कॅम पुढे फिरला की तुमच्या बाजूची त्रिज्या वाढते, समोरची घटते आणि भार एकदम पडतो. याला लेट-ऑफ म्हणतात. ८० टक्के लेट-ऑफ असलेल्या ५० पौंडाच्या धनुष्यात पूर्ण ओढीला हातात फक्त १० पौंड उरतात. अमेरिकेत हॉलेस ॲलन यांनी ही रचना काढली, १९६९ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्यावर पीप साइट (प्रत्यंचेतलं डोकावायचं भोक), भिंगाची साइट (नेम धरायचं साधन), पाणसळ आणि बोटांऐवजी प्रत्यंचा सोडणारं रिलीज. अचूकतेत रिकर्व्ह त्याच्या जवळपास येत नाही. २०२३ च्या त्या जागतिक स्पर्धेत बर्लिनला ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मारले, ते कंपाउंडवर. आदिती स्वामीनंही १७ व्या वर्षी तिथं जग जिंकलं ते कंपाउंडवरच.

तर मग मित्राचं बरोबर की काय? अर्धं बरोबर. हातात १० पौंड राहतात खरे, पण तिथं पोचायला ५० चं शिखर ओलांडावं लागतं, दर बाणाला, आणि मार लागलेल्या खांद्याला नेमकं तेच सोसत नाही. थकल्यावर बाण न सोडता धनुष्य परत खाली घ्यायचं झालं तर तेच शिखर उलट बाजूनं येतं आणि हात हिसडतं. शिवाय कंपाउंडची ओढ कॅममध्ये ठरवून बांधलेली असते. रिकर्व्ह तुम्ही थोडं कमी-जास्त ओढलं तरी चालवून घेतं. कंपाउंड दुसऱ्याच्या मापाचं असेल तर ते कधीच तुमचं होत नाही. ऑनलाइन मागवलेलं किंवा कुणाकडून स्वस्तात मिळालेलं कंपाउंड बहुतेक वेळा असंच निघतं. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि अडीचनं भागा, तुमच्या ओढीचा अंदाज येईल. १७५ सेंटिमीटर भरलं तर ७० सेंटिमीटर, म्हणजे साडेसत्तावीस इंच. पण तो अंदाजच. खरं माप उभं राहणं, हनुवटीखाली हात टेकणं हे सगळं अंगात बसल्यावर ठरतं, आणि त्याला दोन-तीन महिने लागतात. माप ठरायच्या आधी मापाचं यंत्र घेणं तुमच्यासारख्या कारागिराला तरी पटू नये.

माझा सल्ला असा की पहिले तीन महिने रिकर्व्ह, तेही क्लबचं. स्वतःचं धनुष्य न घेता. यात बोटांना प्रत्यंचा सोडायला शिकावं लागतं, पाठ कामाला लागते, आणि चूक झाली की बाण लगेच सांगतो. त्यानंतर स्वतःला विचारा की त्या संध्याकाळच्या तासातून तुम्हाला काय हवंय. अंगात मुरत जाणारी गोष्ट हवी असेल, बाण नऊवरून सातवर गेला तरी चिडचिड होत नसेल, तर रिकर्व्हवरच राहा. जुळवाजुळव, मोजमाप, दर बाण शेजारी-शेजारी लागण्याचं समाधान हवं असेल तर कंपाउंड घ्या, पण ३० पौंडांच्या आसपास लावता येणारं. तुमच्या पत्राचा सूर बघता तुम्ही शेवटी कंपाउंडकडे जाल असं मला वाटतं, आणि तुमच्या खांद्याला लांब पल्ल्यात तेच मानवेल. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच येतेय, त्यामुळे शिकवणारेही वाढतील. आणि रिकर्व्ह पोरासोरांचं म्हणणाऱ्या मित्राला फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवची गोष्ट सांगा. टोकियो ऑलिंपिक तो रिकर्व्हवर खेळला. ७० मीटरवर १२२ सेंटिमीटरचं टार्गेट, मधलं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं.

कुठे शिकायचं? विभागीय क्रीडा संकुलात जाऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा की सध्या जिल्ह्यात धनुर्विद्येचा सराव कुठे कुठे चालतो. शालेय स्पर्धांमध्ये हा खेळ आहे, त्यामुळे क्रीडाशिक्षकांकडेही माहिती असते. जागा मिळाली की लगेच नाव घालू नका. एक संध्याकाळ नुसतं बाजूला उभं राहून बघा. शिट्टीवर काम चालतं का? दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एकीला बाण मारायचे, तीन झाल्या की बाण काढायला जायचं, आणि पाच किंवा जास्त वाजल्या तर असाल तिथं थांबून, ओढलेली प्रत्यंचा बाण न सोडता हळूच परत आणायची. पुढे माणूस असताना कुणी धनुष्याला बाण लावत असेल आणि प्रशिक्षक गप्प असतील, तर तिथून परत फिरा, बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी.

बाण उपसणाऱ्यांकडेही बघा. नीट शिकवलेला खेळाडू टार्गेटच्या बाजूला उभा राहतो, एक पंजा कागदावर बाणाजवळ दाबून ठेवतो, दुसऱ्या हातानं बाण अगदी मुळाशी धरतो, मागे कुणी नाही ना हे वळून बघतो आणि मग सरळ रेषेत ओढतो. बाणाचं मागचं टोक डोळ्याच्याच उंचीवर असतं. टार्गेटकडे पळत जाणाऱ्या पोरांना रागावणारा प्रशिक्षक मला कायम भरवशाचा वाटतो.

आता कागलच्या रानाबद्दल. नाही. उसाच्या कडेला अजिबात नाही. हलक्या धनुष्याचा बाणसुद्धा चुकून वर सुटला तर शंभर-दीडशे मीटर सहज जातो, आणि उसात माणूस असतो. पाणी पाजायला गेलेला गडी, वैरण कापणारी मावशी, तोडणी चालू असेल तर टोळीतली लेकरं. उभ्या उसात तुम्हाला ते दिसत नाहीत आणि त्यांना तुम्ही दिसत नाही. घराच्या गच्चीवर, बोळात, बंगल्यांच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवरही नाही. सहा-आठ महिन्यांनी, तुमच्या प्रशिक्षकांनी जागा बघून हो म्हटलं, टार्गेटमागे उंच मातीचा बांध असला आणि ऊस जाऊन चारी बाजूंचं रान उघडं पडलेलं असलं, तर बघू. तिथंही सशावर, पाखरावर बाण धरायचा विचार मनात आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे.

घरी करता येतं ते वेगळं. रबरी पट्टा आणा, आरशासमोर उभे राहा आणि बाण-धनुष्याशिवाय नुसती ओढ करा. ओढताना खांदा वर चढतो का ते बघा. हनुवटीखाली हात प्रत्येक वेळी एकाच जागी टेकतो का ते बघा, कारण ती जागा दर वेळी तीच राहिली तरच बाण दर वेळी तिथंच जातो. मैदानावर पहिले काही आठवडे चांगले प्रशिक्षक तुम्हाला पाच मीटरवरून कागद न लावलेल्या टार्गेटवर मारायला लावतील. कंटाळू नका. निशाणीच नसली की डोळा मोकळा होतो आणि लक्ष पाठीकडे जातं. त्यानंतर १८ मीटर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदानावर चिखल आणि वारा, त्यामुळे पावसाळ्यात हॉल मिळाला तर १८ मीटरवर ४० सेंटिमीटरचा कागद लावून मारायचं. सुरुवातीला गुण मोजू नका, बाण एकमेकांच्या किती जवळ पडतात तेवढंच बघा. तीन बाण डावीकडे निळ्या पट्ट्यात वाटीएवढ्या जागेत पडले तर तो उत्तम दिवस. साइट दोन वळसे सरकवली की तेच तीन बाण मधल्या पिवळ्यात येतील. एक पिवळ्यात, एक काळ्यात, एक पांढऱ्यात असं झालं तर साइटला हात लावून उपयोग नाही.

स्वतः धनुष्य बनवायचं म्हणता, तर तिथं मला तुमच्या उत्साहाला थोडा लगाम घालावा लागेल आणि थोडी वाटही द्यावी लागेल. रिकर्व्हचा मधला भाग, रायझर, ६०६१ ॲल्युमिनियममध्ये सीएनसीवरच काढतात, तेव्हा तुमच्या व्हीएमसीला ते अशक्य नाही. पण वरची आणि खालची पाती एका रेषेत बसली नाहीत तर धनुष्य पिळतं, आणि ते ओळखायला आधी चांगलं धनुष्य वर्षभर हाताळलेलं पाहिजे. पाती मात्र कधीच घरी करू नका. फायबर आणि लाकडाचे थर चेहऱ्याजवळ ताणलेले असताना सुटले तर काय होईल याचा विचार करा. कंपाउंडचा कॅम, केबल, पाती यांना तर पाना लावायचा नाही, ते प्रेसशिवाय उघडतच नाहीत, त्यात ताण भरलेला असतो. तुमच्या हातचं काम हवं असेल तर स्टॅबिलायझरची, म्हणजे धनुष्य स्थिर ठेवणाऱ्या दांडीची वजनं करा. स्टेनलेसची, एकसारखी, चेंफर मारलेली. स्टॅबिलायझर रायझरला बसतो तो आटा ५/१६-२४ चा असतो आणि पुढच्या वजनांचा साधारणपणे १/४-२०. क्लबातली पोरं तुमच्यामागे लागतील.

खरेदी करायची तेव्हा आधी बोटं जपणारा फिंगर टॅब आणि हात जपणारा आर्मगार्ड, ते तुमच्या मापाचंच हवं. मग बाण, तुमच्या ओढीपेक्षा इंच-दीड इंच लांब, कारण आखूड बाण ओढताना रेस्टवरून, म्हणजे बाण टेकायच्या आधारावरून मागे पडतो आणि तो सुटला तर थेट हातात. कार्बनचे असतील तर प्रत्येक फेरीनंतर हलकेच वाकवून कानाशी धरा, किर्र आवाज आला की तो बाण तिथंच मोडून टाका. धनुष्य सगळ्यात शेवटी. रिकर्व्ह घेतलं तर पाती बदलता येणारं घ्या, म्हणजे रायझर तोच ठेवून दोन-चार पौंडांनी वर जाता येतं. शिकाऊ रिकर्व्ह काही हजारांत येतं, स्पर्धेच्या दर्जाचं कंपाउंड सगळ्या सामानासकट लाखाच्या पुढे जातं. वहिनींना हे दोन्ही आकडे आधीच सांगून ठेवा. बाण न लावता प्रत्यंचा ओढून सोडायची नाही, हा नियम घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगा, कारण ‘बघू कसं आहे’ म्हणत पहिली गोष्ट सगळे तीच करतात. बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्यातच फिरते, पाती तडकतात, कंपाउंडची केबल उडते.

आणि मुलगी. तिला जरूर न्या, शक्यतो तुमच्याच वेळेला. बारा वर्षांच्या मुलीला १२ ते १४ पौंडांचं रिकर्व्ह पुष्कळ झालं. आपल्याकडे इंडियन राउंड नावाचा प्रकार आहे, बांबूच्या देशी धनुष्याचा, खर्च कमी. पुष्कळ मुलांची सुरुवात त्यावर होते आणि तिचीही होऊ द्या. ती तुमच्यापेक्षा लवकर शिकेल, कारण तिच्याकडे जोर लावायचा मार्गच नाही, ती पहिल्या दिवसापासून पाठीनं ओढेल. तिच्या उभं राहण्याकडे लक्ष ठेवा आणि स्वतः तिला सूचना देऊ नका, ते काम प्रशिक्षकांचं. तिचे बाण मात्र वेगळे घ्या. तुमचेच कापून दिले तर ते आखूड झाल्यावर आणखी ताठ होतात, तिच्या धनुष्यातून वाकत नाहीत आणि एका बाजूला जात राहतात. पोरीला वाटतं आपलंच चुकतंय.